लखूमामांची हवाई लदेणी

“दुसऱ्याला ढगात धाडतो आन् हा बाबा खाली बसून चहा पितो.”

सेनगावच्या बसस्थानकासमोर, आमच्या ऑफिसच्या पायरीशी थांबून कोणीतरी हे म्हणालं. उन्हासाठी शटर अर्धं खाली ओढलेलं होतं, त्यामुळे मला आतून फक्त दोन जोड चपला दिसत होत्या. दुसऱ्या चपलांनी माहिती पुरवली की तो भेतो, वारंगा फाट्याच्या एका म्हातारीने स्वतः पाहिलं आहे, विमानतळावर हा माणूस लटलटा कापत होता आणि शेवटी तिलाच त्याच्या सोबतीला थांबावं लागलं.

लखूमामा माझ्या समोरच बसले होते. त्यांनी बशीतला चहा शांतपणे संपवला, वाकून शटरखालून तोंड बाहेर काढलं आणि चपलांच्या मालकांना सांगितलं की बातमी खरी आहे; पण आईला बालाजीला पाठवायचं असेल तर नाव आजच द्या, जागा संपत आल्या आहेत. दोघेही आत आले आणि आईचं नाव देऊन गेले.

पूर्ण नाव लक्ष्मण राठोड. सेनगावजवळच्या बंजारा तांड्यावरचे. सारा तालुका त्यांना लखूमामा म्हणायचा, त्यांच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. आमच्या भागातली शेकडो माणसं त्यांनी विमानात बसवली आणि स्वतः एकदाही बसले नाहीत. ऑफिसवर ‘विमानाने बालाजी’ अशी पाटी होती. ती रंगवणाऱ्या पेंटरने तोवर फक्त जीपगाड्या रंगवल्या होत्या. त्याने काढलेल्या विमानाला पुढे दोन गोल दिवे होते, टपावर सामानाची जाळी होती आणि नंबरप्लेटही होती. मामांना ते चित्र फार आवडायचं. त्यांच्या मते त्यात एकच चूक होती, मागच्या बाजूला ‘हॉर्न दो’ लिहायचं राहून गेलं होतं.

विमानाला ते गाडी म्हणत. गाडी उडत नसे, ‘उठत’ असे. आणि सहलीला ते लदेणी म्हणत. पूर्वी त्यांचे लोक बैलांच्या पाठीवर मीठ आणि धान्य लादून मुलूखभर नेत, त्या फिरस्तीला लदेणी म्हणायचे. समोर बँकेचे साहेब असोत की भाजीवाली, मामा छातीवर हात ठेवून सांगत, “जनावर बदललं, धंदा त्योच.”

मी तिथे कशी गेले ते सांगते. माझे वडील सेनगावच्या जनावरांच्या दवाखान्यात डॉक्टर होते. मी हैदराबादला वसतिगृहात राहून इंग्रजी शाळेत शिकले आणि परत येऊन बाहेरून पदवीची परीक्षा देत होते. मामा एकदा आजारी शेळी घेऊन दवाखान्यात आले आणि शेळीला सुई टोचून होईपर्यंत त्यांनी वडिलांकडे मला मागून घेतलं. त्यांना संगणकावर तिकिटं काढायला आणि फोनवर इंग्रजी बोलायला माणूस हवं होतं. मुलगी बोलत नाही, असं वडिलांनी सांगून पाहिलं. मामा म्हणाले, मराठीत बोलत नसेल, इंग्रजीत तरी बोलत असेलच की.

माझं मुख्य काम हैदराबादच्या एजंटाशी बोलण्याचं होतं. तो विमान कंपनीकडून एकगठ्ठा जागा उचलायचा आणि आमच्यासारख्या लहान लोकांना वाटून द्यायचा. मामांना दख्खनी उर्दू चांगली यायची, पण त्यांचा समज असा की विमानाचा सौदा इंग्रजीतच पक्का होतो. ते माझ्या शेजारी उभं राहून बोलायचे. यंदा पाऊस कसा झाला, सोयाबीनला काय भाव आला, गेल्या लदेणीत त्या एजंटाच्या माणसाने उकडलेले बटाटे किती कमी दिले, बालाजी सगळं पाहतो, आणि तेव्हा चार जागा वाढवून दे. मी फोनवर एवढंच म्हणायचे की आम्हाला अजून चार जागा हव्या आहेत. मामा माझ्याकडे संशयाने बघत.

“एवढंच म्हनलीस?”

मी मान हलवायचे.

“लई कंजूस भाषा हाय,” ते म्हणत.

विमानाच्या धंद्यात येण्याआधी मामा वारंगा फाट्यावर काळी-पिवळी जीप चालवायचे. तिथल्या जीपचे दोन नियम होते. गाडी भरल्याशिवाय काढायची नाही, आणि येतो म्हणून गेलेल्या माणसाला सोडून जायचं नाही. कोणी पिशवी ठेवून पान खायला गेला तर त्याचं पान होईपर्यंत आतले सगळे घामाघूम होऊन बसत, पण गाडी हलत नसे. विमान मात्र अर्धं रिकामं असलं तरी वेळ झाली की निघतं, आणि येतो म्हणून गेलेल्याला सोडून निघतं, हे मामांना कधीच पटलं नाही. पैसे घेतलेल्या माणसाला मागे टाकून जाणं ही त्यांच्या लेखी चोरी होती. एकदा त्यांनी मला एजंटाला विचारायला लावलं होतं की ड्रायव्हरशी थेट बोलता येईल का.

पण कंपन्या कधीकधी जागांपेक्षा जास्त तिकिटं विकतात, हे मी सांगितलं तेव्हा ते खूश झाले. त्यांना वाटलं, अखेर कोणीतरी ओळखीचं भेटलं. मग जास्तीच्या माणसाचं काय करतात, असं त्यांनी विचारलं. मी म्हटलं, त्याला पुढच्या विमानाने पाठवतात, जेवायला घालतात. मागे लटकू देत नाहीत का, असं त्यांनी हळूच विचारलं. नाही म्हटल्यावर त्यांचा कंपनीवरचा विश्वास पुन्हा उडाला.

एकाच रांगेत शेजारी बसलेल्या दोघांचं भाडं वेगळं असतं, यावरून दोन सख्ख्या भावांनी आमच्या ऑफिसात भांडण काढलं होतं. एकाने आधी नाव दिलं होतं, दुसऱ्याने मागाहून. मामांनी दोघांना मोंढ्यातल्या बाजाराचं उदाहरण दिलं. सकाळच्या सौद्याचा भाव दुपारी राहत नाही, मग सीटचा कसा राहील. “शीट म्हंजी वांगंच की रे,” ते म्हणाले. “गाडी उठली की सडलं.” भांडण मिटलं, पण भाऊ शेवटपर्यंत एकमेकांशेजारी बसले नाहीत.

आमचा हंगाम दिवाळीची सुट्टी सरल्यावर सुरू व्हायचा. तेव्हा शहरातले लोक कामाला लागलेले असतात, विमानं रिकामी जातात आणि एजंट नरम येतो. नेमकं तेव्हाच आमच्याकडे सोयाबीन निघालेलं असतं, तूर उभी असते आणि माणसांना थोडी उसंत असते. जाताना हैदराबादहून तिरुपतीला विमान आणि येताना सगळ्यांनी मिळून रेल्वे, असा मामांचा बेत असे. जाताना देवाला उशीर नको आणि येताना कोणाला घाई नसते, असं ते सांगत. खरं कारण भाड्याचं होतं.

प्रत्येक लदेणीआधी तालीम व्हायची. मंगल कार्यालयाच्या हॉलमध्ये खुर्च्यांच्या रांगा लावून मधे वाट सोडलेली असायची. भंगारातल्या जीपचे पट्टे खुर्च्यांना बांधलेले असायचे. बाया डोक्यावरचा पदर सावरत बसायच्या आणि मामा वाटेतून मागेपुढे चालत लिमलेटच्या गोळ्या वाटायचे. हवाई सुंदरीचं काम ते स्वतः करत. दोन्ही हात लांब करून दरवाजे कुठे आहेत ते दाखवत; त्यातला एक हात कार्यालयाच्या स्वयंपाकघराकडे जायचा. गाडी उठते तेव्हा पोटात गोळा येतो, तो देवाचा नाही, गाडीचा असतो, हे समजावत. खिडकी उघडत नाही, म्हणून तंबाखू आधीच थुंकून घ्यायची. खालच्या शेतात कोणी ओळखीचं दिसलं तरी उभं राहायचं नाही.

सगळ्यात मोठा वाद अडकित्त्यांचा. अडकित्ता कमरेच्या पिशवीत नसेल तर आमच्याकडच्या म्हाताऱ्यांना उघडं वाटतं, आणि विमानतळावर धारेची वस्तू काढून घेतात. पहिल्या लदेणीत तिथल्या पोलिसाने एका आजीचा अडकित्ता टोपलीत टाकला, तेव्हा तिने त्याला त्याच्या आईचं नाव विचारलं होतं. तेव्हापासून मामा निघण्याआधीच सगळ्यांचे अडकित्ते गोळा करत. ते ऑफिसात खिळ्यांना टांगून ठेवलेले असत. नव्या माणसाला वाटे, आम्ही अडकित्तेच विकतो.

मामा विमानाला घाबरतात ही गोष्ट मी पहिल्या महिन्यातच ऐकली. दर वेळी एकच प्रकार घडायचा. गटाबरोबर जाणाऱ्या माणसासाठी एजंट एक जागा फुकट देत असे. त्या जागेवर मामांचं नाव असायचं. मामा गट घेऊन हैदराबादला जायचे, पण तिथे ऐनवेळी थांबायचे. गटातली एखादी म्हातारी नाहीतर म्हातारा त्यांच्या सोबतीला मागे राहायचा आणि दोघं रात्रीच्या रेल्वेने तिरुपतीला पोहोचायचे. त्यांच्या जागा रिकाम्या जायच्या, कारण गटाच्या तिकिटावर ऐनवेळी नाव बदलत नाही. गावी परतल्यावर मागे राहिलेलं माणूस सगळ्यांना सांगायचं की काय करावं, मामाला एकटं कसं सोडावं, लेकरासारखा भ्याला होता. असं सांगताना त्या माणसाचा चेहरा फार समाधानी असे. मामी तर दारात उभ्या राहून म्हणायच्या की हा माणूस पत्र्यावर वाळवण टाकायलासुद्धा चढत नाही.

मला एक गोष्ट मात्र जुळत नसे. जे विमानातून जाऊन आले, त्यांच्या घरी मामा आठवडाभरात चक्कर टाकायचे. कधी मलाही ऑफिस बंद करून सोबत नेत. चहा झाला की प्रश्न सुरू व्हायचे. गाडी उठली तेव्हा आधी काय सुटलं, पुढचं चाक की मागचं. ढग जवळून ओला दिसतो की कोरडा. माळावर शेळ्या चरत असतील तर त्या वरून दिसतात का, की नुसता माळ दिसतो. लोकांकडून काहीच हाती लागत नसे. एकाने पूर्ण वेळ डोळे मिटून नाव घेतलं होतं. एकजण झोपला होता. एका काकूंना मिळालेला ब्रेड गार होता एवढंच आठवत होतं. सेनगावच्या एका निवृत्त गुरुजींना खिडकी मिळाली होती, पण त्यांना पंखाशिवाय काही दिसलं नाही. मामांनी त्यांना पंखाबद्दलच विचारलं. पंखाला खिळे होते का. ते बराबर रांगेत होते का. गुरुजी म्हणाले, मोजले नाहीत.

मग एका हंगामात हैदराबादहून एजंटाचा फोन आला. तेलाचे भाव चढले होते, कंपनी आमचं ते विमान बंद करणार होती, आणि यापुढे गटाला स्वस्तात जागा देणं कोणालाच परवडणार नव्हतं. दिवाळीनंतर एक गट जाऊ द्या, तो शेवटचा, असं तो म्हणाला. मी फोन ठेवून मामांना सांगितलं. ते म्हणाले की या खेपेला आपण बसायचं. मी तिरुपतीला उतरल्यावरच्या इंग्रजीसाठी हवी आहे, असं त्यांनी वडिलांना पटवलं आणि माझंही नाव घातलं.

ही बातमी तांड्यापासून वारंग्यापर्यंत गेली. स्टँडवर लोक मामांना थांबवून विचारायचे, भ्याव गेलं का. मामा सांगायचे की गेलं तर न्हाई, पण म्हातारा झालो, आता मेलो तरी चालतंय. त्यांनी नवा पांढरा सदरा शिवून घेतला. बरोबर जायच्या गटात शिरड शहापूरच्या कौसाबाई होत्या. मेंढरं राखण्यात आयुष्य गेलेल्या, आवाज मोठा. तालमीत सगळ्यांत धीट त्याच होत्या. पट्टा लावून झाल्यावर त्यांनी मामांना विचारलं होतं की आता उडवता का, का नुसतंच बसवून ठेवता.

हैदराबादला आम्ही सकाळी बसने पोहोचलो. दुपारचं विमान होतं. काउंटरवरच्या मुलीकडे मी मामांसाठी खिडकीची जागा मागितली. त्यासाठी मला दोनदा बोलावं लागलं, कारण पहिल्यांदा तिला ऐकू गेलं नाही. मामांनी बोर्डिंग पास दोन्ही हातांनी घेतला, उलटसुलट करून पाहिला आणि सदऱ्याच्या खिशात असा ठेवला की त्याचं टोक बाहेर दिसावं.

तपासणीच्या रांगेत गडबड झाली. बाकीचे एकेक करून पुढे सरकले, पलीकडे जाऊन बसले. कौसाबाई दिसेनात. मी मागे वळून पाहिलं तर त्या भिंतीजवळ खाली बसल्या होत्या. गाठोडं मांडीवर घट्ट धरलेलं, पदर पार नाकापर्यंत ओढलेला. काचेपलीकडे एक विमान धावपट्टीवरून उठलं होतं, त्याचा आवाज अजून येत होता. मामा माझ्या पुढे होते. त्यांनी कौसाबाईंकडे पाहिलं, मग काचेकडे, मग खिशावर हात ठेवला. मग रांगेतून बाहेर पडले आणि कौसाबाईंच्या शेजारी फरशीवर जाऊन बसले. कौसाबाईंचे कागद माझ्याजवळ होते, म्हणून मी त्यांच्या मागे गेले.

काय झालं, असं मामांनी कौसाबाईंना विचारलं नाही. ते हलक्या आवाजात म्हणाले, “याडी, माझं एक काम करशील?”

तांड्यावर आईला याडी म्हणतात. कौसाबाईंनी मान वर केली नाही.

“मला लई भ्याव वाटून राहिलं,” मामा म्हणाले. “पाय उचलंना. पर एकट्यानं मागं राहिलो तर लोक हासतील. तू माझ्यासंगं थांब. आपून रातच्या रेल्वेनं जाऊ.”

कौसाबाईंनी पदर थोडा वर केला. त्यांनी मामांना नीट निरखलं. त्यांचा आवाज पुन्हा नेहमीसारखा मोठा झाला.

“तुमी भेता?”

“लहानपनापासून.”

“गडी मानूस आन् भेता?” त्या म्हणाल्या. मग गाठोडं बाजूला ठेवून त्यांनी मामांच्या पाठीवर हात फिरवला. “बसा हितं. मी हाय.”

मामांचा हात मी पाहत होते. तो गुडघ्यावर होता. तो जराही कापत नव्हता. त्यांची नजर कौसाबाईंच्या डोक्यावरून पलीकडे काचेकडे गेली होती. तिथे आमचं विमान उभं होतं आणि एक माणूस त्याच्या पोटाखालून वाकून चालत होता. मामा त्या माणसाला शेवटपर्यंत, तो दुसऱ्या बाजूने बाहेर येईपर्यंत, बघत राहिले.

वारंग्याची म्हातारी, तिच्याआधीचे कळमनुरीचे आजोबा, त्यांच्याआधी कोण कोण, या सगळ्यांच्या सोबतीचा प्रसंग असाच झाला असणार. त्यांच्यातल्या कोणालाही गावात कोणी भित्रं म्हणालं नव्हतं.

आमच्या विमानाची शेवटची सूचना झाली. सूचनेत गटाचं नाव आलं. पलीकडून आमची माणसं काचेवर हात मारून बोलावत होती. दारातला पोलीस मला खुणेने विचारत होता की येताय का. मामांनी खिशातून बोर्डिंग पास काढला, सदऱ्यावर पुसला आणि माझ्यापुढे धरला.

“तू पळ,” ते म्हणाले. “बाया खोळंबल्या. माझी खिडकी रिकामी हाय, तिथं बस. खाली नीट बघ, झोपू नको. मला सगळं पायजे, पंखाचे खिळेसुदिक.”

मी पास घेतला नाही. रांगेतले लोक आमच्याकडे बघत होते. मागे सुटाबुटातला एक माणूस घड्याळ पाहत उभा होता, दोन मुली कुजबुजत होत्या. मी खाली वाकले, कौसाबाईंचा हात मामांच्या पाठीवरून काढून माझ्या हातात घेतला आणि सगळ्यांना ऐकू जाईल इतक्या मोठ्याने म्हणाले,

“आजी, मामांना जाऊ द्या. मला त्यांच्यापेक्षा जास्त भ्याव वाटून राहिलं. तुम्ही माझ्यासंगं थांबा.”